माँत्रोच्या तळ्यावरचा धूर

४ डिसेंबर १९७१. शनिवार, दुपारची वेळ. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावच्या कॅसिनोचं सभागृह तरुण पोरांनी गच्च भरलं होतं. मंचावर फ्रँक झॅपा आणि त्याचा ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’ हा अमेरिकन बँड. कार्यक्रम सुरू होऊन तास उलटला होता. ‘किंग काँग’ नावाची त्यांची लांबलचक रचना चालू होती आणि डॉन प्रेस्टन सिंथेसायझरवर रंगात आला होता. तेवढ्यात प्रेक्षकांतल्या कुणीतरी हातातली फ्लेअर गन वर करून चाप ओढला. समुद्रात अडकलेले लोक मदत मागण्यासाठी आकाशात पेटता गोळा सोडतात, ते हे पिस्तूल. गोळा थेट छताला जाऊन भिडला. छत वेताच्या विणकामाने मढवलेलं होतं.

आधी नुसत्या ठिणग्या दिसल्या. कार्यक्रमाचाच भाग असेल असं काहींना वाटलं. प्रेक्षकांतल्या कुणीतरी केलेलं त्या दिवसाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. त्यात वाजणं थांबतं आणि झॅपाचा आवाज येतो. घाबरू नका, शांतपणे दरवाजाकडे चला, असं तो गर्दीला सांगतोय. आवाजात जराही कंप नाही. लोक खरोखरच शांतपणे निघाले. पण दारं अपुरी होती आणि वाळलेला वेत भराभर पेटत होता. समोरची मोठी काच फोडून अनेकांना बाहेर काढावं लागलं. काही जण जखमी झाले, पण प्राण कुणाचाही गेला नाही. झॅपाच्या बँडची सगळी वाद्यं मात्र जळाली. १८८१ साली उभं राहिलेलं ते कॅसिनो संध्याकाळपर्यंत धगधगत राहिलं.

त्या गर्दीत पाच इंग्लिश वादकही होते. झॅपाचा कार्यक्रम ऐकायला ते आले होते हे खरं, पण त्यांचं खरं काम त्यानंतर सुरू होणार होतं. हंगामातला हा शेवटचा कार्यक्रम आटोपला की कॅसिनो हिवाळ्यासाठी बंद होणार होतं, आणि मग ती रिकामी वास्तू त्यांना नव्या अल्बमच्या ध्वनिमुद्रणासाठी मिळणार होती. बँडचं नाव होतं डीप पर्पल. आदल्याच दिवशी ते गावात येऊन दाखल झाले होते.

रिची ब्लॅकमोर गिटारवर, जॉन लॉर्ड ऑर्गनवर, इयन पेस ड्रम्सवर, रॉजर ग्लव्हर बेस गिटारवर आणि इयन गिलन गायक. १९७१ सालापर्यंत या पाच जणांचं नाव झालं होतं. १९७० चा ‘इन रॉक’ आणि १९७१ चा ‘फायरबॉल’ हे दोन अल्बम गाजले होते. तरी त्यांच्या मनात एक सल होती. मंचावर आपण जसे वाजतो तसे रेकॉर्डवर ऐकू येत नाही, असं त्यांना वाटायचं. स्टुडिओच्या गादी लावलेल्या भिंतींमध्ये आवाजाचा जीव कोंडतो, तेव्हा एखाद्या खऱ्या सभागृहात, खऱ्या मंचावर मांडामांड करावी आणि तिथेच टेप फिरवावी, हा त्यांचा विचार. इंग्लंडबाहेर काम केलं तर करात सवलत मिळते, हेही कारण होतंच. त्यात त्या शरद ऋतूत गिलनला कावीळ झाली, अमेरिकेचा दौरा रद्द करावा लागला आणि डिसेंबरचे काही आठवडे मोकळे मिळाले.

सभागृहात ध्वनिमुद्रण करायचं तर यंत्रं सभागृहापर्यंत न्यायला हवीत. त्यासाठी त्यांनी रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ भाड्याने घेतला. एका ट्रकच्या पोटात सोळा ट्रॅकचं टेप मशीन आणि मिक्सिंगचं पूर्ण टेबल बसवलेलं होतं. ही कल्पना स्टोन्सचा जुना सोबती, पियानोवादक इयन स्टुअर्ट याची. लेड झेपलिनने आपल्या चौथ्या अल्बमसाठी हाच ट्रक हेडली ग्रेंज या जुन्या घरापाशी उभा केला होता. १९७१ च्या उन्हाळ्यात स्टोन्सनी दक्षिण फ्रान्समधल्या नेलकोट बंगल्याच्या तळघरात ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ची गाणी याच ट्रकमध्ये उतरवली. आता तो ट्रक माँत्रोत येऊन ठेपला होता. आगीतून तो वाचला. ज्या सभागृहासाठी तो आणला होता, ते मात्र डोळ्यांदेखत कोसळलं.

या सगळ्याच्या मध्यभागी एक माणूस जिवाच्या आकांताने धावत होता. क्लोद नोब्स, वय पस्तीस. मूळचा स्वयंपाक शिकलेला, पुढे माँत्रोच्या पर्यटन कार्यालयात नोकरीला लागलेला. तळ्याकाठचं हे गाव तेव्हा म्हाताऱ्या श्रीमंतांचं विश्रांतिस्थान म्हणून ओळखलं जाई. तिथे त्याने १९६७ साली दोन मित्रांच्या साथीने जॅझ महोत्सव सुरू केला. भरायचा तो याच कॅसिनोत. जॅझवर न थांबता नोब्सने लेड झेपलिन, पिंक फ्लॉइड यांनाही गावात आणलं. १९७१ च्या जूनमध्ये तर साक्षात अरीथा फ्रँकलिन तिथे गाऊन गेली होती. त्या दुपारी झॅपालाही नोब्सनेच बोलावलं होतं, आणि डीप पर्पलला जागा देणाराही तोच. आग लागल्यावर तो पुन्हा पुन्हा आत शिरला आणि आडोशाला लपून राहिलेल्या पोरांना ओढून बाहेर काढत राहिला. आपण सुरक्षित जागी आहोत अशा समजुतीने ती पोरं तिथे बसून होती.

डीप पर्पलची मंडळी हॉटेलात परतली आणि खिडकीतून बघत बसली. डोंगरावरून खाली उतरणाऱ्या वाऱ्याने आगीला आणखी जोर दिला. कॅसिनोतून उठलेला धूर वर न जाता जिनिव्हा सरोवराच्या पाण्यावर आडवा पसरत गेला, एखादा पडदा ओढावा तसा. पाचही जण बराच वेळ ते बघत होते. त्यावर गाणं करायचं, असं त्या संध्याकाळी कुणाच्याही मनात आलं नव्हतं. आता काम करायचं कुठे, हा प्रश्न समोर होता.

झॅपावरचं संकट तिथेच संपलं नाही. भाड्याची वाद्यं घेऊन त्याने दौरा पुढे रेटला. १० डिसेंबरला लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये एका प्रेक्षकाने मंचावर चढून त्याला धक्का दिला आणि तो खालच्या वादकांच्या खड्ड्यात कोसळला. त्या दुखापतींमुळे त्याला जवळजवळ वर्षभर चाकाच्या खुर्चीत काढावं लागलं. गळ्याला झालेल्या इजेमुळे त्याचा आवाजही कायमचा खाली उतरला.

इकडे स्वतःचं सभागृह राखेत गेलेलं असतानाही नोब्स पाहुण्यांना विसरला नाही. त्याने डीप पर्पलसाठी गावातच दुसरी जागा शोधली. ‘पॅव्हिलियन’ नावाचं ते छोटं नाट्यगृह भर वस्तीत होतं. ट्रक तिथे नेऊन लावला, तारा आत ओढल्या, वाद्यं मांडली. ब्लॅकमोरने एक छोटीशी सुरावट काढून ठेवली होती. तिला शब्द नव्हते, नावही नव्हतं. टेपच्या खोक्यावर काहीतरी लिहायला हवं म्हणून ‘शीर्षक क्रमांक १’ एवढंच लिहिलं गेलं.

ती सुरावट अगदी साधी आहे. आपल्या स्वरांत सांगायचं तर षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम, एवढ्या चार स्वरांत ती संपते. तीव्र मध्यमाला क्षणभर स्पर्श करून ती शुद्ध मध्यमावर उतरते, आणि कानाला लागलेली ओढ तिथे तयार होते. पण खरी करामत दुसरी आहे. ब्लॅकमोर एका वेळी एकच स्वर वाजवत नाही. प्रत्येक स्वराच्या जोडीला त्याच्या खालचा चौथा स्वर, म्हणजे षड्ज-मध्यम अंतरावरचा स्वर, तो एकाच वेळी छेडतो. पहिली जोडी तर मोकळ्या तारांवरच मिळते. बोट कुठेही दाबायची गरज नाही. गिटारवादक एरवी ज्या प्लास्टिकच्या पट्टीने तारा छेडतात, ती पट्टी त्याने इथे बाजूला ठेवली आणि दोन बोटांनी दोन्ही तारा एकदमच खेचल्या. पट्टीने एक तार किंचित आधी वाजते, दुसरी किंचित नंतर. बोटांनी दोन्ही एका क्षणी सुटतात आणि आवाज दगडासारखा घट्ट पडतो. गिटार शिकणारी बहुतेक मुलं ही सुरावट जाड तारांवर पट्टीने खरवडून वाजवतात आणि मूळ रेकॉर्डसारखं का वाजत नाही म्हणून बुचकळ्यात पडतात.

मांडणीही तितकीच मोजकी. सुरुवातीला गिटार एकटी. मग पेसच्या झांजांचा बारीक, धावता ठेका आणि लॉर्डचा ऑर्गन. मग बाकीचे ड्रम्स आणि सगळ्यात शेवटी ग्लव्हरचा बेस. एकेक जण आत येतो आणि पायरी चढावी तसं गाणं उंच होत जातं. लॉर्डचा हॅमंड ऑर्गन ऐकताना तो ऑर्गन आहे हे पटकन लक्षातच येत नाही. हे वाद्य एरवी प्रार्थनामंदिरात आणि जॅझच्या मैफलीत गोड वाजायचं. लॉर्डने ते गिटारसाठी बनवलेल्या मार्शल अ‍ॅम्प्लिफायरला जोडलं. त्यामुळे त्याचा आवाज खरखरीत झाला, गिटारच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. अभिजात संगीताचं शिक्षण झालेल्या लॉर्डने १९६९ साली रॉक बँड आणि सिंफनी ऑर्केस्ट्रा यांना एकत्र आणणारी रचना केली होती. इथे त्याच माणसाने आपली सगळी विद्वत्ता आवरून गिटारची साथ केली.

पॅव्हिलियनमध्ये हे वाजवत असताना मध्यरात्र झाली होती. भोवतालच्या घरांत दिवे लागले. झोपमोड झालेल्या शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि पोलीस येऊन दार ठोठावू लागले. आत टेप फिरत होती. बँडच्या हमालांनी दाराला आतून रेटा दिला. वादकांनी शेवटपर्यंत वाजवून ते गाणं पूर्ण केलं आणि मगच दार उघडलं. हाती एवढी एकच रचना लागली आणि पॅव्हिलियनमधला मुक्काम त्या रात्रीच संपला.

पुन्हा शोधाशोध. शेवटी मिळालं ते ग्रँड हॉटेल, गावाच्या कडेच्या तेरितेमध्ये. हिवाळ्यासाठी ते बंद होतं. खोल्या रिकाम्या, दालनं गारठलेली. तळमजल्यावरच्या एका लांब बोळात बँडने बिऱ्हाड मांडलं. आवाज घुमू नये म्हणून हॉटेलच्याच गाद्या काढून भिंतींना टेकवल्या. थंडी हटवायला गरम हवा फेकणारं मोठं यंत्र आणलं. काही लाल दिवे लावले. ट्रक बाहेर उभा. त्यात ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च बसलेला. पुढे आयर्न मेडनच्या अल्बमांमुळे जगभर नाव झालेला बर्च हाच.

बोळातून ट्रकपर्यंत जायचं तर खोल्या, दारं आणि गच्च्या ओलांडत डिसेंबरच्या थंडीत बाहेर पडावं लागे. वाजवलेलं ऐकायला पहिल्यांदा सगळे गेले. नंतर एवढा वळसा घालायचा कंटाळा येऊ लागला. मग ‘छान झालंय’ वाटलं की पुढच्या गाण्याकडे वळायचं, अशी रीत पडली. चुका शोधत बसायला कुणी थांबलंच नाही. मंचावर वाजतं तसं रेकॉर्डवर यावं ही जी त्यांची जुनी हाव, ती अशी अडचणीपोटी पुरी झाली. ६ ते २१ डिसेंबर एवढ्या दिवसांत ‘हायवे स्टार’, ‘लेझी’, ‘स्पेस ट्रकिन’, ‘पिक्चर्स ऑफ होम’ ही गाणी त्या गार बोळात टेपवर उतरली.

शेवटाकडे बर्चने हिशोब मांडला. अल्बम भरायला काही मिनिटं कमी पडत होती. नवीन काही रचायला वेळ नव्हता. तेव्हा कुणाला तरी पॅव्हिलियनमधलं ते ‘शीर्षक क्रमांक १’ आठवलं. चाल तयार होती, फक्त शब्द हवे होते.

शब्दांचं बीज ग्लव्हरकडे होतं. आगीनंतर काही दिवसांनी एका सकाळी तो अर्धवट झोपेत असताना त्याच्या तोंडून चार शब्द बाहेर पडले होते: स्मोक ऑन द वॉटर. आपण हे मोठ्याने बोललो का, असा प्रश्न त्याला जाग आल्यावर पडला. त्याने ते गिलनला सांगितलं. गिलनला पहिल्यांदा ते रुचलं नाही. नशेवरचं गाणं वाटेल, असं त्याचं म्हणणं. पण आता शब्दांची गरज होती, तेव्हा दोघांनी बसून विचार केला की लिहायचं तरी कशावर? घडलं तेच लिहू, असं ठरलं.

आणि त्यांनी अक्षरशः घडलं तेच लिहिलं. तळ्याकाठच्या गावात आपण कशासाठी आलो, कुणाचा कार्यक्रम होता, कुणा मूर्खाने काय केलं, कॅसिनो कसं जळालं, नोब्स पोरांना बाहेर काढत कसा धावत होता, शेवटी रिकाम्या, गारठलेल्या हॉटेलात लाल दिव्यांच्या उजेडात काम कसं उरकलं. फिरत्या स्टुडिओचं नावही उलटसुलट करून ओळीत बसवलं. प्रेम, विरह, बंड यांतलं काही नाही. माणसं खरी, जागा खऱ्या, घटना घडल्या त्याच क्रमाने. शाहिराने लढाईहून परतून पोवाडा रचावा, त्यात सरदारांची आणि गडांची नावं नेमकी घालावी, तसा हा प्रकार. रॉकच्या गाण्यांत असं नावानिशी आणि ठिकाणांनिशी सांगितलेलं आख्यान तेव्हा विरळाच होतं. गीतकार म्हणून पाचही जणांची नावं लागली.

नोब्स पुढे अनेकदा एक आठवण सांगायचा. बँडने त्याला ते गाणं ऐकवलं तेव्हा हे केवळ तुझ्यासाठी केलंय, असा त्यांचा सूर होता. नोब्सने ऐकलं आणि हे फार मोठं गाणं होणार, असं त्यांना बजावलं. त्यांना ते पटलं नाही.

मार्च १९७२ मध्ये ‘मशीन हेड’ हा अल्बम बाजारात आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. ज्यावर बँडची भिस्त होती ते गाणं होतं ‘नेव्हर बिफोर’. सुटसुटीत, गुणगुणता येण्याजोगं, रेडिओसाठी घासून पुसून तयार केलेलं. तेच सिंगल म्हणून निघालं आणि ब्रिटनच्या यादीत पस्तिसाव्या क्रमांकापलीकडे सरकलं नाही. तळ्यावरच्या धुराचं गाणं अल्बममध्ये होतं, पण त्याच्याकडे कुणी फारसं बघितलं नाही.

त्याला वर काढलं ते श्रोत्यांनी. कार्यक्रमांत ती चार स्वरांची सुरावट सुरू झाली की सभागृह उसळायचं. ऑगस्ट १९७२ मध्ये बँडने जपानमध्ये ओसाका आणि टोकियोला कार्यक्रम केले. त्यांचं ‘मेड इन जपान’ हे थेट ध्वनिमुद्रण निघालं. अमेरिकेतल्या रेडिओवाल्यांनी गाणं वाजवायला घेतलं. अखेर मे १९७३ मध्ये, म्हणजे अल्बमनंतर वर्ष उलटून गेल्यावर, अमेरिकेत त्याचं सिंगल निघालं. एका बाजूला स्टुडिओतलं, काटछाट केलेलं. दुसऱ्या बाजूला जपानमधलं. त्या उन्हाळ्यात ते बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकावर पोचलं.

तोवर गाण्याचे शब्द लिहिणारे दोघेही बँडमध्ये राहिले नव्हते. सततच्या दौऱ्यांनी सगळे थकले होते, ब्लॅकमोर आणि गिलन यांचं पटेनासं झालं होतं. २९ जून १९७३ रोजी ओसाकामध्ये गिलन आणि ग्लव्हर डीप पर्पलसाठी शेवटचे उभे राहिले. त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं अमेरिकाभर घुमत होतं आणि ते दोघे बँड सोडून घरी परतले होते. हे पाचही जण पुन्हा एकत्र आले ते १९८४ साली.

गाण्याचा प्रवास मात्र थांबला नाही. जगभरातल्या वाद्यांच्या दुकानांत गिटार हातात घेतलेला नवखा पोरगा पहिल्यांदा हीच सुरावट काढतो. ७ डिसेंबर १९८८ रोजी आर्मेनियात भीषण भूकंप झाला तेव्हा मदतनिधीसाठी ब्रिटनमधल्या कलावंतांनी एकत्र येऊन याच गाण्याचं नव्याने ध्वनिमुद्रण केलं. गिलन आणि ब्लॅकमोर होतेच, जोडीला क्वीनचा ब्रायन मे, पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिल्मर, ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी, आयर्न मेडनचा ब्रूस डिकिन्सन. भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या ग्युम्री शहरातल्या संगीत शाळेसाठी गिलन आणि आयोमी यांनी पुढे वीस-बावीस वर्षांनीही पैसे उभे केले.

एप्रिल १९९५ मध्ये डीप पर्पल मुंबईत आलं. ब्लॅकमोर तेव्हा बँड सोडून गेला होता, गिटारवर स्टीव्ह मॉर्स होता. त्या कार्यक्रमाचं चित्रण पुढे ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाने निघालं. या नावामागे आणखी एक धागा आहे. त्यांच्या ‘चाइल्ड इन टाइम’ या गाण्यातली ऑर्गनची सुरावट ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या अमेरिकन बँडच्या ज्या रचनेवरून सुचली, तिचंही नाव ‘बॉम्बे कॉलिंग’ असंच होतं.

ज्या ट्रकमध्ये हे सगळं उतरलं, तो आज कॅनडातल्या कॅलगरीच्या राष्ट्रीय संगीत केंद्रात जपून ठेवलेला आहे. माँत्रोचं कॅसिनो १९७५ साली पुन्हा उभं राहिलं आणि जॅझ महोत्सव तिथे परतला. जानेवारी २०१३ मध्ये, बर्फावर स्कीइंग करताना झालेल्या अपघातानंतर नोब्स गेला, तोवर तो महोत्सवाचा आधारस्तंभ होता. त्याच वर्षी महोत्सवाच्या ध्वनिचित्रमुद्रणांचा संग्रह युनेस्कोच्या जागतिक स्मृतिठेव्यात दाखल झाला. नव्या कॅसिनोच्या इमारतीत माउंटन स्टुडिओ सुरू झाला होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तो क्वीनने विकत घेतला आणि त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी याने अखेरची गाणी तिथेच गायली. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत असताना पियानो वाजवणारा, मित्रांसोबत ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढणारा तोच हा फ्रेडी. तळ्याच्या काठावर त्याचा पुतळा आहे, मूठ आकाशाकडे उगारलेला. त्याच्या शेजारीच डीप पर्पलच्या गाण्याचं स्मारक उभं केलेलं आहे. त्यावर बँडचं नाव आहे, गाण्याचं नाव आहे आणि ब्लॅकमोरची ती छोटी सुरावट पाश्चात्त्य स्वरलिपीत कोरलेली आहे. समोर तेच पाणी, ज्यावर त्या शनिवारी धूर पसरला होता.